रेघेपर्यंत दूध

सायवाल्यांच्या दुधात काहीतरी आहे, अशी कुजबूज त्या गल्लीत एकदा सुरू झाली. कुठून सुरू झाली हे विचारायची गरज नव्हती. त्या गल्लीतली प्रत्येक बातमी इस्त्रीवाल्या काकूंच्या टेबलावरूनच निघायची. लोकांचे खिसे उलटे करता करता काकूंना लोकांची पोटंही उलटी करून आतलं बाहेर काढायची सवय लागली होती.

"स्वतःच्या पोरीला दुधाचा थेंब देत नाही तो," काकू शर्टाच्या कॉलरवर पाण्याचा शिपका मारत म्हणाल्या. "आपल्याला कॅनच्या कॅन पाजतो, आणि घरात पोरीला बंदी. का असेल बरं?"

"का?" समोरच्या बाईने विचारलं. काकूंना हेच हवं असायचं.

"मी काही बोलत नाही," काकू म्हणाल्या, आणि पुढची वीस मिनिटं बोलल्या.

दुधात पावडर आहे, सोडा आहे, साबण आहे, असं करत करत गोष्ट इतकी मोठी झाली की पराचा कावळा होऊन तो उडालासुद्धा. त्यात महिन्याभराने भर पडली. सायवाल्यांनी सख्ख्या मोठ्या बहिणीला घराबाहेर काढलं. का, तर तिने पोरीला चोरून दूध पाजलं. आता काय उरलं? ज्या दुधासाठी माणूस सख्ख्या बहिणीला हाकलतो, ते दूध कसलं असणार, हे ज्याने त्याने आपापल्या कुवतीप्रमाणे ठरवलं. मौज म्हणजे ठरवणाऱ्यांपैकी एकानेही दूध घेणं थांबवलं नाही. शंका आपल्या जागी, चहा आपल्या जागी.

सायवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. त्यांच्या दुधावर बोटभर साय यायची म्हणून गल्लीने ठेवलेलं नाव ते. दुकान कोपऱ्यावर, दोन पायऱ्या चढून. आत पांढऱ्या फरशा, काचेचं कपाट, कपाटात लोणी आणि चीज, आणि मागे स्टीलचे उंच कॅन. पहाटे गाडी यायची, कॅन उतरायचे, आणि उजाडलं की सायवाले लांब दांड्याचं माप हातात घेऊन उभे. माप भरायचं, गिऱ्हाइकाच्या भांड्यात रिकामं करायचं, आणि मग मापाने पुन्हा एक डुबकी मारून वर एक धार सोडायची. ही वरची धार त्यांच्या वडिलांची, आणि वडिलांच्या वडिलांची. माप म्हणजे व्यवहार आणि वरची धार म्हणजे माणुसकी, असं म्हातारा सांगायचा. सायवाल्यांचा हात त्यात इतका मुरला होता की ते कुठलीच गोष्ट बरोबर मापाने ओतू शकत नसत. पाहुण्याला पाणी दिलं तरी ते बशीत सांडायचं. बायको म्हणायची, "यांना डोळ्यांत औषध घालायला सांगू नका, माणूस वाहून जाईल."

लग्नाला पुष्कळ वर्षं झाल्यावर त्यांना मुलगी झाली. इवलीशी, आणि हातपाय सारखे चालू, म्हणून आत्याने पाळण्यात नाव पडायच्या आधीच तिला मुंगी म्हणायला सुरुवात केली. सायवाल्यांनी त्या दिवशी वरची धार इतकी सोडली की दुपारपर्यंत कॅन कोरडे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मुंगीला घेऊन ते घरी आले. आठवड्याने प्रसूतिगृहातली नर्सबाई धापा टाकत दुकानाच्या पायऱ्या चढून आली. जन्मल्यावर प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतात, तसा मुंगीचाही घेतला होता. त्याचा निकाल आला होता आणि सायवाल्यांचा फोन लागत नव्हता. लागणार कसा? तो दुधाच्या कॅनमध्ये पडला होता. नर्सबाईंची कामाची पाळी संपली होती. त्या घरी जाऊ शकल्या असत्या, उद्या बघू म्हणू शकल्या असत्या. पण त्या चालत आल्या.

"बाळाला आणि आईला घेऊन आत्ताच्या आत्ता चला," त्या म्हणाल्या.

"दुकान..." सायवाले म्हणाले.

"दुकान कुठे पळून जात नाही," नर्सबाई म्हणाल्या. "चला."

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई अंगाने बारीक आणि बोलायला शांत. रक्त पुन्हा तपासून झाल्यावर त्यांनी दोघांना समोर बसवलं. आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, फेनिलकिटोन्युरिया. सायवाल्यांच्या तोंडावर काहीच उमटलं नाही, तेव्हा त्यांनी विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

"दुधाचं दुकान."

डॉक्टरीणबाईंनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, "दुधात प्रथिन असतं, माहीत आहे ना? अंड्यात, मांसात, माशांत, चीजमध्ये, डाळींमध्ये, सोयाबीनमध्ये, शेंगदाण्यातही असतं. आपण ते खातो तेव्हा शरीर त्याचे सुटे तुकडे करतं. त्या तुकड्यांना अमिनो आम्लं म्हणतात. त्यातलंच एक फेनिलअलॅनिन. अंग वाढायला, स्नायू बांधायला ते लागतंच. त्यातून शरीर पुढे दुसरं एक आम्ल बनवतं, टायरोसिन. केसांचा रंग, मेंदूत निरोप नेणारे पदार्थ, सगळं त्याच्यापासून. पण हे पुढचं काम करणारा एक कामगार शरीरात असतो. तुमच्या मुलीत तो जवळजवळ नाहीच."

"मग?"

"दुकान धुताना मोरी तुंबली तर काय होतं?"

"पाणी साचतं. दुकानभर."

"तसं ते रक्तात साचतं. आणि साचलं की मेंदूला त्रास देतं. वेळीच सांभाळलं नाही तर मुलीची बुद्धी वाढत नाही."

सायवाल्यांच्या बायकोने पदर तोंडाला लावला. सायवाल्यांनी विचारलं, "आणि सांभाळलं तर?"

"तर तुमच्याशी हुज्जत घालेल. शाळेत जाईल. इतर पोरांसारखी पोर."

त्या दिवसापासून सायवाल्यांच्या जगात एकच गोष्ट उरली. मुंगीची बुद्धी. तिने एक दिवस आपल्याशी हुज्जत घालावी, एवढंच त्यांना हवं होतं.

औषध म्हणजे एक खास पावडर. बाकी सगळी अमिनो आम्लं तिच्यात होती, फक्त हे एक नव्हतं. वास असा की आत्याने पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा घरात कुठे उंदीर मेलाय का, ते शोधलं. पण मुंगी ती मिटक्या मारत प्यायची, कारण तिने दुसरं जग पाहिलंच नव्हतं. पुढे फळं, बटाटा, भाज्या, साखर, नुसत्या स्टार्चचा पाव, एवढं चालणार होतं. लोण्यालाही थोडी मुभा होती. दुधाला बंदी आणि लोण्याला मुभा, हे ऐकून सायवाले पहिल्यांदा हसले. त्यांच्या धंद्यातलं काहीतरी पोरीच्या वाट्याला आलं होतं.

आणि दूधही अगदीच बंद नव्हतं. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी एक छोटी पारदर्शक वाटी दिली होती. तिच्यावर लाल शाईने रेघ मारलेली. "या रेघेपर्यंत रोज साधं दूध," त्या म्हणाल्या होत्या. "पावडरीत मिसळून. रक्त तपासून रेघ वर-खाली करू. पण रेघ म्हणजे रेघ."

गल्लीत काहीच सांगायचं नाही, हे बायकोने ठरवलं. "डोक्याचा आजार म्हटलं की लोक पोरीकडे बघायच्या आधी डोकं हलवतील," ती म्हणाली. सायवाल्यांना ते पटलं. म्हणून मग शेजारच्या आजीने मुंगीला अंड्याचं सूप देऊ केलं की बायको घाईने पोर उचलून आत जायची, आणि इस्त्रीवाल्या काकूंना टेबलावर काम मिळायचं.

घरात दुधाच्या त्या वाटीचा प्रवास असा. सकाळी दुकानात सायवाले वाटी भरायचे. बायको ती वर न्यायची आणि पावडरीत मिसळायची. मग ती आणि सायवाले दुकानात, आणि वर आत्या मुंगीला पाजायची. आत्या म्हणजे सायवाल्यांची थोरली बहीण. टेलिफोनच्या कचेरीत जन्म काढलेली, लग्न न केलेली. सगळ्या गावाचं बोलणं ऐकून झाल्यामुळे स्वतः फार बोलायची नाही. बोललीच तर एका वाक्यात, आणि ते वाक्य महिनाभर टोचायचं.

आता सायवाल्यांची अडचण बघा. त्यांचा हात सढळ. वाटी हातात घेतली की हात आपोआप वरची धार सोडायला निघायचा. पहिल्याच दिवशी दुधाने रेघ ओलांडली. त्यांनी ती वाटी ओतून दिली आणि नवी भरली. मग त्यांनी ठरवलं, रेघेच्या खालीच थांबायचं. बोटभर खाली. जे साचतं ते कमी दिलं तर बरंच. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. सायवाले तर त्यानंतर पाणीसुद्धा फुंकून प्यायले असते.

पहिल्या तपासणीला रक्तातलं प्रमाण छान खाली आलं. सायवाल्यांना वाटलं, बघा, आपलं बोट. ते आणखी थोडं खाली सरकलं.

पण मुंगी बसायला लागली त्या सुमाराच्या तपासणीला प्रमाण चढलेलं. त्याच्या पुढच्या वेळेला आणखी. मुंगी चिडचिडी झाली होती. तिचं वजन वाढत नव्हतं, अंगावर लालसर पुरळ आलं होतं, आणि जिचे हातपाय कधी थांबत नसत ती तासन् तास आत्याच्या मांडीत पडून राहायची. एका संध्याकाळी सायवाल्यांनी तिला हाक मारली, तेव्हा तिने मान वळवायला वेळ लावला. ती मान वळेपर्यंत जे त्यांच्या मनात झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

"घरात कुणी जास्त देतंय का हो?" डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं. "प्रेमाने देतात लोक. आजी देते, मावशी देते."

मी तर रेघेखाली देतो, सायवाल्यांनी मनात म्हटलं. मग कोण?

दुसऱ्या दिवशी ते अचानक वर गेले. आत्या गॅलरीत उभी होती, पाठमोरी. पावलं ऐकून ती वळली आणि हातातली वाटी तिने पाठीमागे लपवली. मुंगी तिच्या पायाशी बसली होती, ओठांवर पांढरी मिशी.

"काय देत होतीस तिला?"

"काही नाही."

"वाटी दाखव."

"दाखवणार नाही," आत्या म्हणाली.

सायवाल्यांनी आयुष्यात मोठ्या बहिणीसमोर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. तुला पोर नाही, तुला काय कळणार पोर बिघडण्याचं दुःख, असंही ते म्हणाले. ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हाच त्यांना परत गिळायचं होतं, पण उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याला काय करणार. आत्याने मुंगीचं तोंड पुसलं, पिशवीत दोन साड्या घातल्या आणि खाली उतरली. इस्त्रीवाल्या काकूंच्या टेबलापुढून जाताना तिने मान वळवली नाही, आणि काकूंना यापेक्षा जास्त माहितीची गरज नव्हती.

आत्या गेली, तरी मुंगीचं रक्त काही सुधारलं नाही.

तेव्हा आहाराच्या बाईंनी दोघांना बोलावलं. येताना वाटी घेऊन या, म्हणाल्या. त्यांच्या टेबलावर दुधाचं भांडं होतं. त्यांनी ते सायवाल्यांपुढे सरकवलं.

"रोज भरता तशी भरा."

सायवाल्यांनी भरली. बाईंनी वाटी डोळ्यांसमोर धरली.

"रेघ इथे आहे, दादा."

"हो."

"मग दूध तिथे का?"

"माझा हात सढळ आहे, बाई. चुकून जास्त जाईल म्हणून मी..." ते थांबले. "कमी दिलं तर चांगलंच ना?"

तेवढ्यात सायवाल्यांची बायको खुर्चीत विचित्र हलली. बाई तिच्याकडे वळल्या. "वहिनी, तुम्ही?"

"मी वर नेताना त्यातलं थोडं मोरीत ओतते," ती हळू म्हणाली.

"का?" सायवाल्यांनी विचारलं.

"तुमचा हात मला माहीत नाही का? वाटलं, मला दाखवायला रेघेखाली थांबताय, आणि मी वळले की मिसळलेल्या दुधात आणखी धार सोडताय."

"मी कधी सोडली?"

"बावीस वर्षांत कधी सोडली नाहीत ते सांगा."

आहाराच्या बाईंनी दोघांना बोलू दिलं. मग म्हणाल्या, "फेनिलअलॅनिन शरीराला स्वतः बनवता येत नाही. ते बाहेरूनच यावं लागतं. जास्त झालं तर साचतं, हे तुम्ही लक्षात ठेवलंत. पण अगदीच कमी पडलं, तर शरीराला अंग बांधता येत नाही. मग ते स्वतःचेच स्नायू मोडायला लागतं. त्या स्नायूंमध्येही हेच असतं. मोडलेलं सगळं रक्तात येतं, आणि प्रमाण वर जातं. पोर जास्त खात नाहीये. पोर उपाशी आहे."

सायवाले वाटीकडे बघत राहिले. ज्याने सगळ्या गल्लीला मापावर माप ओतलं, त्याने आपल्या पोरीला मापात मारलं होतं. अति तिथे माती, हे काळजीलाही लागू पडतं, हे त्यांना तिथे बसून कळलं.

"मेंदूला काही..." सायवाल्यांनी विचारलं.

"वेळेत आलात," बाई म्हणाल्या. "आजपासून रेघेपर्यंत द्या. पुढच्या तपासणीत बघू. मला काळजी वाटत नाही."

बायको हुंदके देत होती आणि मध्येच हसतही होती. "अहो," ती म्हणाली, "आपण दोघं काढत होतो. मग ताईंनी जास्त दिलं कुठलं? द्यायला उरलं होतं कुठे?"

दुसऱ्या दिवशी ऐन सकाळी दुकान बंद दिसलं. गल्लीने असं कधी पाहिलं नव्हतं. लोक भांडी हातात घेऊन उभे, आणि सायवाले तिसऱ्या रस्त्यावरच्या बटणांच्या दुकानात. आत्या तिथे एका जुन्या मैत्रिणीकडे राहत होती. आत बटणांचे हजार खण, आणि त्यांच्यामध्ये आत्या स्टुलावर बसून रंग निवडत होती.

"काय रे," ती वर न बघता म्हणाली, "दूध नासलं?"

"नाही."

"मग आज दुकान का बंद?"

"अक्कल नासली माझी. ताई, त्या दिवशी वाटीत काय होतं?"

आत्याने हातातलं बटण खणात टाकलं. "दूध."

"तिला पाजत होतीस?"

"तिचं पाजून झालं होतं. शेवटचे दोन-तीन घोट मी कुंडीत ओतायचे. जांभळ्या फुलांच्या."

सायवाले बघतच राहिले. "का?"

"तुझा हात मला माहीत नाही का? लहानपणी माझ्या बाहुल्यांना चहा द्यायचास तो टेबलावरून वाहायचा. त्यात तुझी बायको मऊ. दोघं मिळून पोरीला जास्त देणार, म्हणून मी काढत होते."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? तुम्ही जास्त ओतताय म्हणून मला काढावं लागतं, असं म्हटलं असतं, तर तू तिच्यावर बोट रोखलं असतंस आणि तिने तुझ्यावर. त्यापेक्षा माझ्यावर ठेवलंस ते बरं. मी काय, ऐकून घ्यायची सवय आहे. जन्मभर हेडफोन लावलेत."

सायवाल्यांनी तिला तिघांची गोष्ट सांगितली. बोट, मोरी आणि कुंडी. ऐकता ऐकता आत्याचे खांदे हलायला लागले. ती रडते आहे असं वाटून सायवाले खाली बसले, तर ती हसत होती. हसता हसता तिचे डोळे भरले.

"तरीच," ती म्हणाली, "कुंडीला इतक्या मुंग्या कशा, म्हणत होते मी."

"मी जे बोललो, पोर नसण्याचं..."

"ते मी विसरणार नाही," आत्या शांतपणे म्हणाली. "पण घरी येईन. मुंगीला पुरळ आलंय आणि तुला मलम लावता येत नाही. सगळी डबी रिकामी करशील." मग पिशवी भरता भरता म्हणाली, "एक अट आहे. गल्लीला खरं सांगायचं. लपवायची सवय लागली, म्हणून आपण तिघं एकमेकांपासूनही लपवत बसलो."

सांगायला ती स्वतःच गेली, आणि योग्य पत्त्यावर गेली. इस्त्रीवाल्या काकूंच्या टेबलापाशी उभी राहून तिने सगळं सांगितलं. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा इस्त्री विसरून ऐकलं, एक बाही जळली, आणि सूर्य मावळायच्या आत गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या माणसालाही फेनिलअलॅनिन हा शब्द म्हणता येत होता. चुकीचा, पण म्हणता येत होता.

डोकं कुणी हलवलं नाही. अंड्याचं सूप देणाऱ्या आजीने सफरचंद उकडायला सुरुवात केली. बेकरीवाल्याने स्टार्चच्या पिठाचा पाव करून बघितला. पहिला इतका कडक झाला की त्याने तो दार अडकवायला वापरला, पाचवा मुंगीने खाल्ला. गल्लीतली पोरं शेंगदाणे खाताना तिला बघून मूठ झाकायची आणि मग आठवणीने बोरं काढून द्यायची. इस्त्रीवाल्या काकूंनी कुणाची माफी मागितली नाही. त्यांनी जाहीर केलं की आपल्याला आधीपासून माहीत होतं, आणि सायवाल्यांच्या घरचे कपडे सहा महिने एकही सुरकुती न ठेवता केले. ज्याची त्याची माफीची पद्धत असते.

वाटी आता तिघांच्या नजरेसमोर भरली जायची. सायवाले ओतायचे, बायको वाकून रेघ बघायची, आणि आत्या म्हणायची, "बस." पुढच्या तपासणीत प्रमाण खाली आलं, त्याच्या पुढच्या वेळेला ठीक झालं, आणि तिथेच राहिलं. मुंगीचे हातपाय पुन्हा थांबेनात.

नर्सबाई अधूनमधून दुकानावरून जायच्या. सायवाले त्यांच्यासाठी साय बाजूला काढून ठेवत. नर्सबाईंना साय मुळीच आवडायची नाही, पण त्या घेऊन जायच्या, कारण देताना त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. एकदा त्या म्हणाल्या, "अहो, मी फक्त टाच टोचली."

"आणि चालत आलात," सायवाले म्हणाले, आणि मापाने आणखी एक धार सोडली. तिथे त्यांच्या हाताला कुणी अडवत नव्हतं.

मुंगी मोठी झाली. शाळेत गेली, पुढेही शिकली. वाटीवरची रेघ तिच्या वयाबरोबर वर-खाली होत राहिली, आणि ती रेघ आता ती स्वतः सांभाळते. वडिलांशी ती रोज हुज्जत घालते. दुकानाच्या पाटीचा रंग, कॅन ठेवायची जागा, वरची धार, कशावरूनही. गिऱ्हाइकं वैतागतात, बायको वैतागते. सायवाले मात्र माप हातात घेऊन ऐकत उभे राहतात, आणि ती हरायला आली की मुद्दाम उलटं काहीतरी बोलतात, म्हणजे तिने पुन्हा सुरू करावं.

दुधात कधीच काही मिसळलेलं नव्हतं. आत्याने पोरीला एक थेंबही जास्त पाजला नव्हता. मुलीच्या शरीरात एका आम्लाचं दुसऱ्यात रूपांतर करणारं द्रव्य जन्मापासून जवळजवळ नव्हतं, म्हणून दूध मापून द्यावं लागायचं. आणि तिघांनी काळजीपोटी ते मापापेक्षा कमी दिलं होतं.